ओला हमाल

महादेवप्पांनी हमालाच्या पटक्याला हळूच बोट लावलं. बोट चिकटलं. परवा दिलेला रंग, कडक उन्हात ठेवलेला, तरी अजून ओला तो ओलाच. त्यांनी रंगाचा डबा उचलला, वास घेतला, झाकणावरची तारीख वाचली. रंगात खोट नव्हती. उदगीरच्या निम्म्या आडत दुकानांच्या पाट्या त्यांनी याच ऑइलपेंटनं रंगवल्या होत्या. फ्लेक्स आले आणि पाट्या उतरल्या, पण तोवर एकीचाही रंग असा रुसला नव्हता.

हमाल वीतभर उंचीचा. मुळात तो हमाल नव्हताच. महादेवप्पांच्या लेकीनं, दामिनीनं, जपानहून मागवलेला तो कोरा बाहुला होता. व्हायनिलच्या मऊ प्लास्टिकचा, पांढराफेक, गोल डोक्याचा, ना डोळे ना तोंड. असे बाहुले आपल्या मनानं रंगवून ती हौशी लोकांना विकायची. चांगली मोठी, कमावती माणसं बाहुले घेऊन कपाटात मांडतात, हे कोडं काही महादेवप्पांना सुटत नव्हतं. ती रंगवायला बसली की ते चष्मा पुसत मागं येऊन उभे राहत. उजेड अडतोय, असं ती दर वेळी सांगायची आणि ते तेवढ्यापुरते बाजूला सरकायचे.

हा बाहुला मात्र खास होता. हैदराबादच्या प्रदर्शनात तिला पहिल्यांदाच जागा मिळाली होती, तीही एकाच बाहुल्यापुरती. याला काय करावं ते तिला सुचेना. त्यातच मैत्रिणीच्या लग्नाला ती लातूरला गेली. घरात महादेवप्पा आणि समोर टेबलावर तो बिनडोळ्यांचा बाहुला. त्यांचा हात शिवशिवायला लागला. जन्मभर सपाट पत्रे रंगवले. पाटीला पाठ नसते, ती कायमची भिंतीला लागलेली. याला मात्र पाठ होती. पाठीवर काय शोभेल तेवढं बघू, नाही आवडलं तर पोरगी वरून पांढरा हात मारेल, असं म्हणून त्यांनी ब्रश उचलला.

संध्याकाळपर्यंत बाजारातला हमाल उभा राहिला. डोक्याला पटका, कपाळाला घाम, पाठीवर पोतं. पोत्यावर 'तूर, उदगीर' अशी अक्षरं, प्रत्येकाला मागून सावली दिलेली. अक्षरांना सावली द्यावी ती महादेवप्पांनीच, असं सगळं गाव म्हणायचं. गोल पाठीवर अक्षर वळवताना त्यांना अशी काही मजा आली की बाहुल्याचं ओलं पोट आपण अंगठ्यानं दाबून धरलंय याचं भानच राहिलं नाही. बाहुला खाली ठेवला तेव्हा पोटावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता.

दामिनी आली तेव्हा हमाल खिडकीत उन्हाला उभाच होता. तिनं खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही.

"अप्पा, कोणता रंग लावलाव?"

त्यांनी डबा दाखवला. ती मटकन खुर्चीत बसली. तिला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्ही ती गिळत होती. मग तिनं सांगितलं. या मऊ व्हायनिलमधून तेलासारखं काहीतरी सतत पाझरत असतं. ऑइलपेंट ते पीत राहतो आणि वाळत नाही. म्हणून तर ती पाण्यातले रंग वापरते. थिनरनं पुसावं तर बाहुलाच विरघळेल. वरून दुसरा रंग द्यावा तर तो टिकायचा नाही. नवा बाहुला मागवायला आता वेळ उरला नव्हता. उद्या सकाळी निघायचं होतं.

महादेवप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीची एवढी मोठी संधी आपण हौसेपायी घालवली. ते खाली मान घालून उभे राहिले. पण डोक्यातला किडा काही गप्प बसेना.

"मग ह्ये वाळंल कधी?"

"कधीच न्हाई, अप्पा."

"धा वर्सांनी?"

"न्हाई."

महादेवप्पा हमालापाशी वाकले. "मी गेल्यावर बी ओलाच ऱ्हाईल?"

कीव यावी म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. दामिनीनं मान वर करून बापाकडं पाहिलं. मग उठून तिनं हमालाला पायाच्या तळव्याच्या कडेला धरलं आणि पाठमोरा केला. बराच वेळ ती त्या अक्षरांकडं बघत होती. महादेवप्पा अंगठ्याचा ठसा ब्रशनं लपवायला पुढं झाले, तर तिनं त्यांचा हात धरला. ऱ्हाऊ द्या, म्हणाली.

कागदात गुंडाळायची सोय नव्हती, काहीही लावलं तरी ते चिकटणार. तिनं लोणच्याची काचेची बरणी रिकामी करून धुऊन पुसली. झाकणाच्या खालून हमालाच्या तळव्यांत स्क्रू पिळले आणि वरून बरणी उपडी घालून फिरवली. हमाल काचेआड उभा राहिला, काचेला कुठंही न टेकता. गाडीत मांडीवर धरून हैदराबादला नेईन, म्हणाली.

मग तिनं पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि आपला ब्रश बापापुढं सरकवला.

"तुमची पाटी लिव्हा. दर कामाखाली अडकवत होताव ती."

महादेवप्पांना कळायला वेळ लागला नाही. दुकानाच्या प्रत्येक ताज्या पाटीखाली ती त्यांनी अडकवली होती, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन काढून आणली होती. त्यांनी लिहिलं, 'रंग ओला आहे'.

"काढाया कोण जाईल, माय? हैदराबादला?"

"काढायचीच न्हाई."

दामिनी पिशवी भरायला आत गेली. महादेवप्पांनी ब्रश खाली ठेवला नाही. उद्या काढून टाकायच्या पाटीला त्यांनी कधी सावली दिली नव्हती. आता त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या अक्षरापासून, सावकाश, सावली द्यायला घेतली.