रबरी कास

"तात्या, हे तुमचं पाचवं ट्रेनिंग. सर्टिफिकेटांनी गोठा शाकारायचाय का?" शिकवता शिकवता मी विचारलं. सगळे हसले.

तात्या रबरी कासेखाली उकिडवे बसले होते. स्वच्छ दूध काढण्याच्या सरावासाठी डेअरी तिच्यात पांढरं पाणी भरते. तात्यांनी तिला कुरवाळलं आणि पुटपुटले, "सोड गं, चंद्रे." धार लागली. एकानं रबरापुढे पेंड ठेवली. पुन्हा हशा.

नियमाप्रमाणे एका माणसाला ट्रेनिंग एकदाच मिळतं. आजवर चालवून घेतलं होतं, या वेळी मी तात्यांचं नाव खोडलं. ते भांडले नाहीत. कास पुसून ठेवली आणि निघाले.

तात्यांचा शेजारी नंतर म्हणाला, "सर, चंद्री त्यांची म्हैस होती. दिवाळीत दगावली. आता धार काढल्याशिवाय हात ऐकत नाहीत, म्हणून यायचे."

पुढच्या बॅचला कासेतून थेंब येईना. झडप तपासली, नळी तपासली, सगळं ठीक होतं. "पान्हा चोरतीय," मागून एक बाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

तीस माणसांसमोर मी उकिडवा बसलो, रबराला कुरवाळलं आणि म्हणालो, "सोड गं, चंद्रे."

तिनं मला ओळख दिली नाही.