एकशे अठरा पौंड

गिसलेनने बूट स्कीवर ठेवला, टाच दाबली, खट्ट आवाज झाला. खिडकीतून टेकडी दिसते का म्हणून ती जराशी वळली, तर बूट स्कीवरच्या बाइंडिंगच्या पकडीतून निसटून बाहेर.

"बघ कसं झटकन सुटतं!" नॉर्मां तिच्या पायाशी गुडघे टेकून बसला होता. "पडलीस तरी पायाला काही होणार नाही."

"पडलीस तरी काय? हेच पाडणार मला. मी नुसती वळले रे!"

"नवीन स्प्रिंग आहे. बसेल हळूहळू."

असलं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं, तर नॉर्मांनेच त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. तीस वर्षं तो या टेकडीच्या पायथ्याशी लोकांच्या पायांना स्की जुळवून देत होता. दुकानात येणारा प्रत्येक माणूस खोटं बोलतो, असं त्याचं ठाम मत होतं. बायका वजन कमी सांगतात, आणि पुरुष तर दोनदा घसरले की स्वतःला पट्टीचे समजतात. तो कुणाचंच ऐकत नसे. सरळ काट्यावर उभं करी, बुटाचा तळ मोजी, भिंतीवरच्या तक्त्यात बोट ठेवून आकडा काढी आणि तेवढाच स्क्रू पिळी. घट्ट झालं तर पडताना पाय अडकून मोडतो, सैल राहिलं तर भर वळणावर स्की निघते, हे गिऱ्हाइकाला फॉर्मवर सही करण्याआधी ऐकावंच लागे.

गिसलेनने टेबलावरचा आपल्या नावाचा फॉर्म उचलला आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"वजन एकशे अठरा पौंड. हे कुणाचं?"

नॉर्मां स्क्रूड्रायव्हर पुसत राहिला. तो आधीच स्वच्छ होता.

"लग्नात होतं एवढं. तेही उपाशीपोटी. आणि हे काय, वर्ग पहिला? हळू आणि जपून जाणारे? मी?"

"डॉक्टर म्हणाले होते की—"

"डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच हो म्हटलंय. त्यांना मध्ये घालू नकोस. तक्ता काय म्हणतो ते सांग."

"गेल्या वर्षी तक्त्यालाच विचारलं होतं!" त्याचा आवाज एकदम चढला. मग तो हळू बोलू लागला. "चार आकडा आला. चारच लावला, या हातांनी. आणि तू पडलीस तेव्हा सुटलं नाही ते. तुला खाली आणलं तेव्हा तुझा पाय कसा वळला होता, ते पाहिलंय मी. नंतर सगळं उघडून पाहिलं, गिसलेन. स्प्रिंग ठीक, आकडा ठीक. कुठे चुकलो ते सापडतच नाही. म्हटलं, या वेळी चुकायचंच असेल, तर सैल बाजूला चुकू."

वर्षभरात हे तो पहिल्यांदाच बोलत होता. गिसलेन स्टुलावर बसली. तिने चष्मा काढून त्याची काडी उघडली, मिटली.

"तुला सापडणार नाही," ती म्हणाली. "माझ्या बुटाखाली बर्फ होता."

"काय?"

"गाड्या लावतात तिथून चालत आले होते. तळव्याला हा एवढा थर चिकटला होता, दगडासारखा. तू दारातून ओरडलास, तळ खरवड म्हणून. मी हो हो म्हटलं आणि तशीच चढले. मोनिक वर जायच्या लिफ्टपाशी माझ्यासाठी खोळंबली होती. खट्ट वाजलं, म्हटलं झालं. त्या बर्फानेच बूट आवळून धरला असणार."

"आणि वर्षभर बोलली नाहीस?"

"लाज वाटली रे. तू साऱ्या गावाला बूट खरवडायला लावतोस, आणि तुझीच बायको... तू असा मनात धरून बसलायस हे ठाऊक असतं, तर हॉस्पिटलातच सांगितलं असतं."

नॉर्मांला राग यायला हवा होता. त्याने वाटही पाहिली. पण आलं ते रडू, आणि ते लपवायला तो तक्त्याकडे तोंड करून उभा राहिला. तक्त्यात काय लिहिलंय ते त्याला दिसत नव्हतं.

मागे काटा करकरला. ती आपणहून उभी राहिली होती.

"एकशे बेचाळीस. लिही. आणि मोठ्याने वाचू नकोस, बाहेर लोक आहेत."

त्याने जुना फॉर्म फाडला आणि नवा भरला. वजन, उंची, वय चौसष्ट, वर्ग दुसरा. आकडा चारच आला. स्क्रू पिळताना त्याचा हात एकदा थांबला, मग पुढे गेला. गिसलेनने बूट अडकवला आणि खिडकीकडे वळली. बूट जागचा हलला नाही. मग तिने सगळा जोर लावून पाय पिळला, तेव्हा सुटला. तिने सही केली.

स्की खांद्यावर टाकून ती बाहेर पडली. लिफ्टपाशी पोचून तिने स्की खाली ठेवल्या, तोच मागून पावलं वाजली. उणे अठरा अंशांच्या थंडीत नॉर्मां टोपीशिवाय, कामाच्या एप्रनवरच धावत आला होता. हातात खरवडणी होती.

त्याच्या खांद्यावर हात टेकून तिने नाल ठोकायला घोडा उचलतो तसा पाय मागे उचलला. त्याने टाच खरवडली, चवडा खरवडला, मग हातमोजा काढून उघड्या अंगठ्याने तळवा चाचपला. मग दुसरा पाय.

"पुरे रे," ती म्हणाली. "केव्हाच निघाला सगळा."

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि खरवडत राहिला. तिनेही पाय खाली घेतला नाही.