टेकू

स्लॅब टाकला की कधी एकदा खालचे टेकू काढतो, असं एका बांधकाम ठेकेदाराला होऊन जायचं. घरमालक काकुळतीला येऊन म्हणायचे, "राहू द्या की अजून चार दिवस." त्यावर हा हसायचा. "अहो, काही होत नाही. हयात गेली आमची यात."

मग त्याचा स्वतःचाच पाय मोडला. आत सळई बसवावी लागली आणि महिना-दीड महिना वॉकर हाताला चिकटला. आज डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "हाड झकास जुळलंय. आता वॉकर सोडा आणि पायावर पूर्ण वजन टाका."

ठेकेदाराने वॉकर आणखी घट्ट धरला. "राहू द्या की अजून चार दिवस."

डॉक्टर हसले. "अहो, काही होत नाही."

 सोबत आलेली बायको ओठ दाबून खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी पोचल्या पोचल्या त्याने साइटवर मुकादमाला फोन लावला. "उद्या टेकू काढू नकोस. राहू देत अजून आठ दिवस."





"साहेब," मुकादमाने हळूच विचारलं, "डॉक्टरांनी काही वाईट सांगितलं का?"