द्वारका येईपर्यंत

"स्वभावाला मानवेल तो मार्ग निवडा, पण आठ किलो उतरवा. नाहीतर हे गुडघे तुम्हाला रामनवमीच्या कीर्तनाला उभं राहू देणार नाहीत." डॉक्टरांनी हे बजावल्यापासून कमलिनीताईंना चैन नव्हतं. चाळीस वर्षं उभ्यानं कीर्तन करणारी बाई बसून रामजन्म कसा सांगणार?

सुनेनं लावलेला आहाराचा तक्ता चार दिवस टिकला. जिममधल्या चालायच्या सरकत्या पट्ट्यावरून त्या पाचव्या मिनिटाला उतरल्या. "समोर ऐकणारं माणूस नको?"

आज बागेतही दुसऱ्याच फेरीला त्या बाकाकडे वळल्या, तेवढ्यात पेंडसेकाकूंनी गाठलं. "ताई, परवाच्या कीर्तनात सुदामा पोहे घेऊन निघाला नि मला उठावं लागलं. पुढे?"

ताईंनी पदर खोचला. सांगता सांगता पावलं पडू लागली. काकूंनाच धाप लागली. "जरा बसू या?"

"आख्यान अर्धवट टाकून? सुदामा अजून वाटेत आहे. चला!"

घरी सुनेनं विचारलं, "आई, किती फेऱ्या झाल्या?"

"मोजल्या नाहीत गं. द्वारका आली तेव्हा थांबलो. आणि उद्या लवकर उठव. रामाबरोबर वनवासाला निघायचंय, चौदा वर्षं चालायचंय."