मानेचा बाक

ठाण्याच्या मिठागरावर मास्तरांनी कॅमेरा तिवईवर चढवला आणि दौलतला शिकवलं, "निसर्गदृश्यात एखादं माणूस हवंच. त्याशिवाय आभाळाची उंची कळत नाही." म्हणून ओल्या मिठाची टोपली डोक्यावर घेऊन तिथली मजूर ठमाबाई बांधावर ताटकळली होती. मास्तर ढग सरकायची वाट बघत होते. "मास्तर, टोपली उतरवू का जरा? डोल्यान खारं पानी जातंय," ती म्हणाली. "रिकामी चालणार नाही का? लांबून कुणाला कळतंय?" दौलतने विचारलं. मास्तर हसले. "रिकाम्या टोपलीने मान अशी सुरेख वाकत नाही रे." याच माणसाचे फोटो बघून दौलत शिकायला आला होता. मास्तर काळ्या कापडाखाली शिरताच त्याने बांधावर जाऊन ठमाबाईची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. कापडातून आवाज आला, "वा दौलत, तुझी मान तर आणखी झकास वाकते. हलू नकोस."