पाठीतलं पाणी

"ताप उतरलाय, आता कशाला टोचताय पोरीला?" सासूबाईंनी विचारलं. मुलगी भरदुपारी तोंडात घास धरूनच झोपली, म्हणून मी तिला दवाखान्यात आणलं होतं. तिच्या रक्तात सापडलेला निद्रारोगाचा परजीवी स्वतःच्या अंगाला चिकटलेली प्रतिपिंडं आवरणासकट आत ओढतो, प्रतिपिंडं पचवतो आणि तेच प्रथिनांचं आवरण धुऊन पुन्हा पांघरतो. शरीर फसतं. कॉलेजात हे मी कौतुकाने शिकवायचे. "मेंदूत पोचलाय का, ते पाठीतल्या पाण्यातच कळेल," डॉक्टर म्हणाले. मी तिला कुशीवर मुडपून घट्ट धरलं. सुई गेली तरी ती रडली नाही. सासूबाई पाणी जमलेल्या नळीत डोकावल्या. "नितळ आहे गं. उगाच जिवाला घोर लावून घेतेस." डॉक्टरांनी त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खुर्ची मला दिली. थेंबात परजीवी वळवळत होते. "काही नाही ना?" सासूबाईंनी विचारलं. मला मान वर करवेना.