प्रत्यय

“यांना काही नको,” बाईंनी दारातच सांगून टाकलं. “काय बोलायचं राहिलंय आता? जे बोलायचं ते बोलून झालंय.”

मॅडमना हे ऐकायची सवय होती. वाचा गेलेल्या माणसांना बोलण्याची साधनं किती लागतात आणि किती मिळतात, याची पाहणी करत त्या घरोघर हिंडायच्या. घरोघरी एकच रड. गरज कुणाची? मुक्याची. आणि उत्तर कोण देणार? ज्याच्या तोंडाचा पट्टा चालू आहे तो! या घरी त्यांना लेकीनं बोलावलं होतं, आईला न विचारता.

“आई, बाजूला हो,” लेक मागून म्हणाली. “या, मॅडम.”

वकीलसाहेब खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होते. उभा जन्म कोर्ट गाजवलेला माणूस. आता जीभ लुळी, उजवा हात लुळा, डाव्या हाताचं एक बोट तेवढं शाबूत. मान मात्र सारखी हलत होती, नाही-नाही म्हटल्यासारखी.

“मानेवर जाऊ नका,” बाई म्हणाल्या. “चहा हवा असला तरी ती तशीच हलते.”

“झालं कसं हे?”

“जिन्यावरून पडले.” बाईंनी पदर खोचला. “त्याच संध्याकाळी यांना झटका आला.” आणि डावा पाय ओढत त्या चहा टाकायला गेल्या.

“मला फोनवर एवढंच कळलं,” लेक हळू आवाजात म्हणाली. “मी तेव्हा परगावी. येऊन बघते तर बाबा असे! माझ्यावर कधी आवाज चढवला नाही हो त्यांनी. आणि ही? बाबांना उचलून उचलून पाय गेला म्हणते. कुणी भेटायला आलं की खुर्ची आतल्या खोलीत नेते. मॅडम, माझ्या बाबांना काहीतरी सांगायचंय. मला ते ऐकायचंय.”

मॅडमनी पिशवीतून पाटी काढली. पुठ्ठ्याची साधी पाटी, चौकोनात चित्रं आणि खाली शब्द. मी, तू, ती, पाणी, औषध, दुखणं, जिना. खुर्ची हलवायला ‘ढकल’. ही पाटी त्यांनी स्वतः बेतली होती. ला, नं, चा, ची असले सगळे प्रत्यय गाळून टाकले होते. आजारी माणसाचं एक बोट, त्याला व्याकरणाचं ओझं कशाला? ऑफिसातले सर चिडवायचे, “अहो, प्रत्यय गेले तर भाषेत उरलं काय?” त्यावर मॅडम म्हणायच्या, “पानं गळली तरी झाड ओळखू येतंच की.”

वकीलसाहेबांचं बोट पाटीवर आलं. मग एकेका चौकोनावर टेकलं.

ती. मी. जिना. ढकल.

लेकीच्या हातातला रुमाल खाली पडला.

“साहेब, घाई नाही,” मॅडम पाटीवर वाकल्या. “बाईंनी... तुम्हाला ढकललं?”

मान हलत होती, नाही-नाही, नेहमीसारखीच. मॅडमनी मानेकडे पाहिलं नाही. बोट पुन्हा आपटलं. ती. मी. ढकल. ती. मी. ढकल. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

बाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

“आई! खरं आहे हे?”

बाईंनी पाटीकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे, खूप वेळ.

“पाटी म्हणते ना? मग तसंच असेल.”

“लाज नाही वाटत? बाबा ते माझे! आत्ताच्या आत्ता नीघ. नाहीतर मी पोलिसांत जाते.”

बाईंनी वाद घातला नाही. पिशवीत दोन साड्या कोंबल्या. “औषध जेवणानंतर द्यायचं, आधी नाही,” एवढं म्हणाल्या. कठडा घट्ट धरून, एकेका पायरीवर थांबत त्या जिना उतरल्या. वर वकीलसाहेब पाटीवर बोट आपटत होते, इतकं की नखातून रक्त आलं.

“बघा,” मॅडम लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “किती दिवसांचं साचलं होतं. जीव मोकळा झाला त्यांचा.”

बोलकी यंत्रं ऑफिसात मोजकीच यायची आणि रांग मारुतीच्या शेपटासारखी. पण जिवाला धोका असलेल्यांना ती आधी द्यायची, असा नियम होता. मॅडमनी तसं लिहून दिलं आणि वकीलसाहेबांचा नंबर लागला. पाहणीच्या अहवालातही हे घर त्यांनी पहिल्या पानावर घातलं. रुग्णाच्या वतीनं बोलणाऱ्यावर कधीही विश्वास ठेवू नये, असं त्याखाली ठसठशीत लिहिलं. सरांनी शाबासकी दिली.

यंत्र घेऊन त्या गेल्या, तेव्हा वकीलसाहेब निम्मे झाले होते. “घास घेत नाहीत,” लेक म्हणाली. “खिडकीतून रस्त्याकडे बघत बसतात. घाबरत असतील, ती परत येईल म्हणून.”

“आणि आई?”

“फोन लागत नाही. मामाकडे नाही, मावशीकडे नाही. न का लागेना!” पण हे म्हणताना तिनं फोन पुन्हा एकदा लावून पाहिला.

मॅडमनी यंत्र खुर्चीच्या फळीवर बसवलं. “साहेब, हे पाटीपेक्षा हुशार आहे बरं का. वर शब्द, खाली प्रत्यय. आता अगदी कोर्टात बोलायचात तसं पूर्ण वाक्य बोला.”

“बोला बाबा,” लेक खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. “आता कुणी तुम्हाला गप्प करणार नाही.”

वकीलसाहेबांनी लेकीकडे पाहिलं. बोट उचललं. ते सावकाश वरच्या ओळीत गेलं, खालच्या ओळीत आलं, पुन्हा वर गेलं. मग त्यांनी हिरवं बटण दाबलं, आणि यंत्र कुणा अनोळखी माणसाच्या कोरड्या, स्वच्छ आवाजात बोललं:

“तिला मी ढकललं.”